हिला काय झालंय?

लग्नघर असो, ईदची भेट असो की एसटीतला प्रवास, आमच्या मुलीकडे पाहून लोक एकच प्रश्न विचारतात, "हिला काय झालंय?" विचारणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. कुणी हळहळून विचारतो, कुणी नुसत्या कुतूहलाने. आम्ही दोघे, म्हणजे तिचे अम्मी-अब्बा, जागा आणि वेळ पाहून उत्तर देतो. एसटीत "पायात ताकद कमी आहे" एवढ्यावर भागते. नातेवाइकांत भागत नाही. तिथे प्रश्नामागून सल्ले येतात आणि सल्ल्यांमागून पत्ते येतात, अमक्या गावचा बाबा, तमक्या दुकानातले तेल. म्हणून एकदा सविस्तर उत्तर लिहून काढावे असे ठरवले. ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांना यात आपले काही सापडेल. ज्यांच्या घरात नाही त्यांना शेजारच्या घरातले मूल थोडे अधिक समजेल.

आमच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. मराठीत याला मेंदूचा पक्षाघात म्हणतात. ती नऊ वर्षांची आहे. घरात वॉकर धरून चालते, लांब जायचे असेल तर व्हीलचेअर लागते. ती बोलते, पण शब्द सावकाश येतात; घाई केली की अडकतात. तिला गणित आवडते, भेंडी आवडत नाही, आणि मोठ्या भावाच्या चुगल्या करायला तिला शब्द कधी कमी पडत नाहीत.

या आजारात दोष पायात नसतो. पाय, स्नायू, हाडे जन्मतः ठीकच असतात. मेंदूचा जो भाग हालचालींचे हुकूम देतो त्याला इजा झालेली असते. ही इजा पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मेंदू अजून वाढत असताना होते. हुकूम चुकीचे गेले की काही स्नायू कायम ताठ राहतात, काही ढिले पडतात, काही आपल्या मनाने हलतात. दोन गोष्टी आम्हाला पहिल्यांदा नीट समजावून सांगितल्या त्या आम्ही विसरलो नाही. एक, मेंदूतली इजा वाढत जात नाही. ती जिथे आहे तिथेच राहते. दुसरी, मूल मात्र वाढते. हाडे लांब होतात, ताठ स्नायू त्यांच्या बरोबरीने वाढत नाहीत, म्हणून काळजी घेतली नाही तर सांधे आखडतात. आजार तोच राहतो, पण त्याचे परिणाम बदलत जातात. हा आजार संसर्गाने पसरत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण आपल्या मुलाला आमच्या मुलीजवळून ओढून नेणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत.

जगभरात हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांना हा त्रास असतो. लहान मुलांच्या हालचालींशी संबंधित अपंगत्वाचे हे सर्वांत मोठे कारण आहे. म्हणजे प्रत्येक तालुक्यात अशी मुले आहेत. ती दिसत नाहीत, कारण बरीचशी घरातच ठेवली जातात.

आमची लेक सातव्या महिन्यात झाली. वजन दीड किलोही नव्हते. चार आठवडे ती काचेच्या पेटीत होती आणि आम्ही काचेबाहेर. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. मेंदूच्या मध्यभागी पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या लगतच्या भागाला रक्त कमी पडले की तिथल्या तंतूंना इजा होते. पायांकडे जाणारे तंतू नेमके त्या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या मुलांत बहुधा पाय जास्त ताठ असतात आणि हात त्या मानाने बरे. आमच्या लेकीचे तसेच आहे. काही मुलांची एकच बाजू, उजवी किंवा डावी, अडकते. काहींचे दोन्ही हात, दोन्ही पाय, मान, गिळणे, सगळेच अवघड होते. दहापैकी आठ मुलांत स्नायू ताठ असतात. उरलेल्यांत कुणाचे हातपाय आपोआप वळतात, कुणाचा तोल जातो. म्हणून एका मुलाला पाहून दुसऱ्याविषयी अंदाज बांधू नये.

पहिली शंका लंगोट बदलताना आली. पाय बाजूला घ्यायला गेले की ते कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. उभे धरले की टाचा टेकायच्या नाहीत, चवड्यांवर उभी राहायची. नऊ महिने झाले तरी ती बसेना. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी धीर दिला, "सातमाशी पोरं उशिरानेच चालतात." गावातल्या एका डॉक्टरांनीही वर्षभर थांबायला सांगितले. अंगणवाडीत शाळा-आरोग्य पथक आले होते, त्यातल्या बाईंनी तिचे पाय दोनदा वाकवून पाहिले आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी हातात ठेवली. त्या चिठ्ठीचे उपकार आम्ही मानतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मोजताना जितके आठवडे ते लवकर आले तितके वजा करतात, हे खरे आहे. पण तेवढे वजा करूनही काही खुणा दिसल्या तर थांबण्यात अर्थ नाही. चार महिन्यांचे बाळ मान धरत नाही, मुठी कायम आवळलेल्या राहतात, नऊ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, एक बाजू कमी हलते, दूध पिताना वारंवार ठसका लागतो, अंग लाकडासारखे ताठ किंवा अगदी लुळे वाटते, या त्या खुणा. आणखी एक खूण घरोघरी कौतुकाने सांगितली जाते. पहिल्या वाढदिवसाआधीच बाळ सगळे एकाच हाताने घेते. "आमचं पोरगं डावखुरं होणार" असे म्हणून सगळे हसतात. एवढ्या लहान वयात मूल दोन्ही हात सारखे वापरते; एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताची तपासणी करून घ्यावी. आज जाणकार डॉक्टर बाळाच्या हालचाली पाहून, हातपाय तपासून आणि मेंदूचा एमआरआय काढून सहा महिन्यांच्या आतसुद्धा निदानाच्या जवळ पोहोचू शकतात. लवकर कळण्याचा फायदा सरळ आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू सर्वांत झपाट्याने शिकतो, आणि व्यायामाचा उपयोगही तेव्हाच जास्त होतो.

निदान झाले त्या आठवड्यात घरात कारणांचा शोध सुरू झाला. कुणी विचारले, ग्रहणात सुरी हातात घेतली होती का? कुणी म्हणाले, नजर लागली. कुणी बाहेरचे काहीतरी आहे म्हणून झाडफुंकीचा पत्ता दिला. आमचे लग्न नात्यातले नाही, तरी "नात्यात केलं असेल" असे ठामपणे सांगणारेही भेटले. हे सगळे प्रश्न एकाच दिशेने जात होते, अम्मीकडे. बाळंतपणाच्या खोलीत जे घडले त्याचा हिशेब नेहमी बाईकडेच का मागतात, हे आम्हाला आजही उमगलेले नाही.

डॉक्टरांनाही कारण शोधायला बराच काळ लागला. विल्यम जॉन लिटल या इंग्रज शल्यविशारदाने 1861 साली या मुलांविषयी लिहिले आणि अवघड बाळंतपण, गुदमरणे यांकडे बोट दाखवले. पुढे बरीच वर्षे या आजाराला लिटलचा आजार म्हणत. 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइड, जो पुढे मनोविश्लेषणासाठी गाजला, त्याने वेगळे मत मांडले. बाळंतपण अवघड होते याचे कारण बाळात पोटातच काही बिघडलेले असणे हेही असू शकते, असे तो म्हणाला. आता कळते की दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. जन्माच्या वेळी गुदमरणे हे थोड्याच मुलांत एकमेव कारण असते. अपुरे दिवस, कमी वजन, गर्भारपणात रुबेलासारखा संसर्ग, बाळाला झालेला मेंदूज्वर, डोक्याला मार, अशी अनेक कारणे आहेत. काही मुलांत जनुकीय दोष सापडतो, म्हणून डॉक्टरांनी तशी तपासणी सांगितली तर करून घ्यावी. पण बहुतेक मुलांत हा आजार आईबापांकडून वारशाने येत नाही. आणि कित्येकांत शेवटपर्यंत कारण सापडतच नाही.

टाळता येण्यासारखे काही आहे, ते मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. नवजात बाळाची कावीळ वाढली तर ती मेंदूत उतरते आणि हातपायांबरोबर ऐकूही जाते. बाळ पहिल्याच दिवशी पिवळे दिसले, किंवा पिवळेपणा तळपायापर्यंत आला, बाळ सुस्त पडले, दूध ओढेना, तर उन्हात ठेवून वाट पाहू नये. दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवले की बहुतेक बाळे बरी होतात. बाळंतपण दवाखान्यात व्हावे. मुलामुलींना रुबेलाची लस मिळावी. गर्भारपणातल्या तपासण्या चुकवू नयेत.

मुंबईला हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारा रस्ता भरतीच्या वेळी समुद्राखाली जातो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच हाजी अलीला, जवळच, 1955 पासून केंद्र सरकारची एक संस्था आहे, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. तपासणी, व्यायाम, कॅलिपर बनवण्याचा कारखाना, सगळे एका आवारात. लोक तिलाही नुसते "हाजी अली" म्हणतात. आम्ही चिपळूणहून रेल्वेने निघालो तेव्हा दादीने विचारले, "कुठे चाललात?" आम्ही म्हणालो, "हाजी अलीला." दादी समाधानाने दुआ पुटपुटली. आम्हीही खुलासा केला नाही, कारण उत्तर खोटे नव्हते. तिथल्या बाकांवर आमच्यासारखीच कितीतरी कुटुंबे बसली होती, आणि त्यांतली काही आधी दर्ग्यावर जाऊन आलेली होती. दुआ मागावी, जरूर मागावी. आम्हीही रोज मागतो. ती मागून झाल्यावर रांगेतला नंबर घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तिथल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, "आठवड्यातून एकदा मी शिकवीन, बाकीचे सहा दिवस तुम्ही." हेच या आजाराचे औषध आहे. बरा करणारी गोळी नाही, इंजेक्शन नाही. स्टेम सेलच्या सुया टोचून मूल चालते करू असे सांगणारे लोक लाखो रुपये मागतात. ती मान्यताप्राप्त उपचारपद्धती नाही. घर विकायला निघालेल्या आईबापांना आम्ही हे हात जोडून सांगतो.

उपाय आहेत ते असे. रोजचा व्यायाम, पण मूल रडत असताना पाय नुसते ताणण्याचा नव्हे. मुलाला एखादी गोष्ट स्वतः करायला लावण्याचा. आमची लेक उभी राहायला शिकली ती ओट्यावरच्या खजुरासाठी. पाऊल सरळ ठेवायला प्लास्टिकचे स्प्लिंट. फार ताठ स्नायूत बोटॉक्सचे इंजेक्शन देतात, त्याचा असर काही महिने राहतो आणि त्या महिन्यांत व्यायाम जोरात करायचा असतो. काहींना ताठपणा कमी करणारी औषधे लागतात, काहींना शस्त्रक्रिया. चारांत एका मुलाला फिटही येतात, त्यांचे औषध डॉक्टरांना न विचारता कधीच बंद करू नये. डोळे आणि कान तपासावेत. भरवताना मूल बसते ठेवावे, आडवे पाडून भरवल्यास घास श्वासनळीत जातो.

या मुलांच्या हालचालींच्या पाच पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवरचे मूल चालते, पळते, फक्त थोडे अडखळते. पाचव्या पायरीवरच्या मुलाला मान सावरायलाही आधार लागतो. आमची लेक तिसऱ्या पायरीवर आहे. मूल कोणत्या पायरीवर राहील हे साधारण पाचव्या वर्षापर्यंत बरेचसे स्पष्ट होते. आम्हाला हे सांगितले त्या रात्री दोघांपैकी कुणी जेवले नाही. पण त्यानंतर "कधी चालेल?" हा प्रश्न मागे पडला आणि "एकटी बाथरूमला कशी जाईल?" हा पुढे आला. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर होते. गवंड्याने भिंतीला दोन दांड्या बसवल्या, कमोड बसवला, उंबरठा काढला. आता ती एकटी जाते आणि आतून कडी लावून घेते. ती कडी वाजली की आम्हाला बरे वाटते.

हालचाल अडली म्हणजे बुद्धी अडली असे लोक धरून चालतात. या मुलांपैकी साधारण निम्म्यांना बौद्धिक अडचण असते; निम्म्यांना नसते. बोलणे अस्पष्ट असले की ऐकणारा घाई करतो आणि मूल गप्प बसते, मग त्याला काही कळत नाही असा निष्कर्ष निघतो. मुंबईच्या मिठू अलूर यांची मुलगी मालिनी हिला हाच आजार. शिकवायला शाळा नव्हती म्हणून मिठूबाईंनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनी चिब यांनी पुढे लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि आपले आत्मकथन एका करंगळीने टाइप करून लिहिले.

आमच्या लेकीला शाळेत घालायला गेलो तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "वर्ग वरच्या मजल्यावर आहेत, आणि इतर पालक काय म्हणतील?" आम्ही भांडलो नाही. पुढच्या खेपेला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत घेऊन गेलो. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. दोन महिन्यांनी वर्ग खालच्या मजल्यावर आला. इतर पालक काहीच म्हणाले नाहीत.

मकतबमध्ये अडचण आली नाही. शिकवणाऱ्या आपांनी तिच्यासाठी स्वतःच्या घरून खुर्ची आणली. एका मुलीने विचारले, खुर्चीवर बसून नमाज होते का? आपांनी सांगितले, उभे राहता येत नसेल त्याने बसून पढावी, बसता येत नसेल त्याने आडवे पडून, ही मुभा दीनने दिलेलीच आहे. मग त्यांनी मुलांना इब्ने उम्मे मकतूम यांच्याविषयी सांगितले, जे अंध होते आणि मदिनेत अजान द्यायचे. एवढे असूनही आपल्या किती मशिदींना आणि मकतबांना उतार आहे, हे वाचकांनी आपल्या मोहल्ल्यात जाऊन पाहावे. चार पायऱ्यांना एक पक्का उतार, याचा खर्च एका जेवणावळीपेक्षा कमी येतो.

कागदपत्रांचे काम किचकट आहे, पण करावेच. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढले की बाकीची दारे उघडतात. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची निरामय ही विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत आहे, आणि तिच्यात व्यायामाचा खर्चही धरला जातो. जिच्या बुद्धीला अडचण आहे अशा मुलाच्या आईबापांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. मूल 18 वर्षांचे झाले की कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. "आमच्यानंतर हिचे कोण?" या प्रश्नाने रात्री झोप उडते, त्याचा निदान कायदेशीर भाग तरी दिवसा सोडवता येतो.

मागच्या वर्षीच्या एक्स-रेमध्ये तिचा डावा खुबा जागेवरून सरकू लागलेला दिसला. ताठ स्नायू मांडीचे हाड हळूहळू बाहेर ढकलतात, मुलाला आधी काही जाणवत नाही, म्हणून या मुलांचे खुब्याचे एक्स-रे ठरावीक काळाने काढतात. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात. अब्बांना ती लवकर व्हावी असे वाटते, अम्मीला आणखी एक एक्स-रे पाहायचा आहे. आम्ही दोघे बोलत असताना ती दारातून म्हणाली, "मला कुणी विचारणार आहे का?" तेव्हा डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत तिला समोर बसवले. तिने तीन प्रश्न विचारले. किती दुखेल, किती दिवस शाळा बुडेल, आणि नंतर दुखणार नाही हे नक्की का? डॉक्टरांनी तिन्हींची खरी उत्तरे दिली, तिसऱ्याचेही, की नक्की कुणी सांगू शकत नाही, पण न करता ठेवले तर दुखण्याची शक्यता जास्त आहे. तिने सावकाश एकेक शब्द जुळवत सांगितले, "मग सुट्टीत करा." शस्त्रक्रिया मे महिन्यात ठरली आहे. दुआ करा.

आणि आपल्या घरात, शेजारी, नात्यात एखादे बाळ मान धरत नसेल, एकच हात वापरत असेल, लंगोट बदलताना पाय आवळत असेल, तर त्याच्या आईला ग्रहणाविषयी विचारू नका. तिच्यासोबत सरकारी रुग्णालयात जा. अनेक जिल्हा रुग्णालयांत अशा बालकांसाठी वेगळे केंद्र आहे, तपासणी मोफत होते. रांग मोठी असते, आणि बाळ कडेवर घेऊन एकटीने ताटकळणे कठीण जाते. सोबत कुणी असले तर तिला निदान पाणी प्यायला उठता येते.